रथसप्तमीपर्यंत

दारावरची बेल वाजली तेव्हा मी तिळाच्या लाडवांचं ताट उचललं आणि वॉशिंग मशीनमध्ये ठेवून दिलं. तिकडे ही मशीनं स्वयंपाकघरातच असतात, ओट्याखाली, आणि त्यांच्या गोल काचेच्या दारातून आतलं सगळं दिसतं. हे माझ्या लक्षात आलं ते इझबेल आत येऊन उभी राहिल्यावर. मग मी मशीनकडे पाठ करून उभी राहिले, ती जाईपर्यंत तशीच.

रोज सकाळी दहाला ती यायची. आमच्या ओळीतलं शेजारचं घर तिचं, मधली भिंत एकच. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, मासे कापून कापून हात लाल झालेले. मी करते तसा आल्याचा चहा तिला आवडायचा, म्हणजे पहिल्या दिवशी आवडला नव्हता, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. लाडवांच्या त्या दिवशी मात्र मी तिला म्हटलं की माझं डोकं दुखतंय, आज चहा नको. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग जाताना दारातून म्हणाली, "काहीतरी छान भाजलंस. वास येतोय."

"टोस्ट," मी म्हटलं.

पाव किलो तीळ भाजल्याचा वास अख्ख्या ओळीत पसरला होता.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहानशा कोळ्यांच्या गावात आम्हाला येऊन अकरा महिने झाले होते. सुधाकर, माझा नवरा, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करायचा. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी, आणि जाणं-येणं हेलिकॉप्टरने. तो तिकडे असला की घरात मी आणि वारा. माझं शिक्षण दहावी. इंग्रजी म्हणाल तर दर मंगळवारी येणाऱ्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीतली पुस्तकं आणि इझबेल, या दोघांकडून उचललेलं. कोळशाची शेगडी कशी पेटवायची, दारावर आलेल्या विक्रेत्याला कसं घालवायचं, कुणी 'हवा बरी आहे' म्हणालं तर उत्तर काय द्यायचं, सगळं तिने शिकवलं. इंग्रजीत अहो-जाहो नसल्यामुळे आईच्या वयाच्या बाईला मी अगं-तुगं करत होते, आणि त्याचीही सवय झाली होती. तिचा नवरा सँडी मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी. यापुढे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

त्या संक्रांतीला हळदीकुंकू करायचं माझ्या मनात कुठून आलं, ते आता सांगता येणार नाही. पहिलीच संक्रांत परक्या मुलखात. काळी साडी बॅगेत होती. सासूबाईंनी वाईहून पार्सलाने गूळ पाठवला होता आणि गुळाबरोबर त्यांचा स्वतःचा चांदीचा करंडाही. सासरे गेल्यापासून तो त्यांच्या कपाटात पडून होता. मी फोनवर कशाला पाठवलात म्हटलं, तर म्हणाल्या, "मला आता काय करायचाय."

आणि मग त्यांनी विचारलं, किती जणी येणार. मी तिघींची नावं सांगितली. पोस्टातली मोरीन, बेकरीवाली शीला आणि ओळीच्या टोकाला राहणारी क्रिसी. शीला हे नाव ऐकून सासूबाई खूश झाल्या. तिचे केस सोनेरी आहेत हे मी सांगितलं नाही. चौथं नाव तोंडाशी आलं होतं.

"सगळ्या सवाष्णीच ना गं?" त्यांनी विचारलं. आवाजात काहीच नव्हतं, भाजी निवडलीस का असं विचारावं तसं. "सुधाकर पाण्यावर आहे, म्हणून आपलं विचारलं."

सासूबाई स्वतः दर संक्रांतीला स्वयंपाकघरात बसून बशा भरून द्यायच्या. बाहेर बायकांचा कलकलाट, आणि आतून फक्त त्यांचा हात पडद्याबाहेर येई, बशी घेऊन. मला ते कधी आवडलं नव्हतं. मी म्हटलं, हो, सगळ्या सवाष्णीच.

असं ते लाडवांचं ताट मशीनमध्ये गेलं.

दुपारी अडीच वाजता पुन्हा बेल वाजली. तिघी तीनला यायच्या होत्या. मी काळी साडी नेसून, त्यावर सुधाकरचा स्वेटर घालून दार उघडलं. दारात इझबेल, दोन्ही काखांत एकेक घडीची खुर्ची.

"तीन बायका बोलावल्यास," ती म्हणाली, "आणि तुझ्याकडे खुर्च्या दोन."

गावात नऊशे माणसं. शीलाने सकाळी पाव बांधून देताना तिला विचारलं होतं, तू किती वाजता जाणारेस कूंडाकडे? माझ्या नावातला 'द' त्यांना जमायचा नाही, मला तिथे सगळे कूंडाच म्हणायचे.

मी म्हटलं, "इझबेल, मी तुला उद्या बोलावणार होते. वेगळं. निवांत."

"डोकं कसं आहे?"

तिने खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या, वाऱ्याने पडू नयेत म्हणून एकीला पाय लावून धरलं.

"मी यायचं नाही, एवढं कळलं," ती म्हणाली. "का, ते सांग."

खोटं बोलायला मला इंग्रजी पुरलं नसतं. मी सांगून टाकलं. ज्यांचे नवरे आहेत अशाच बायकांना या दिवशी बोलावतात. त्यांना कपाळाला कुंकू लावतात. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून असतं ते.

"आणि नवरा नसलेली आली तर?"

"काही होत नाही. लोक मानतात आपलं."

"तू मानतेस?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते सिद्ध करायला तरातरा आत गेले, करंडा घेऊन आले आणि उंबऱ्यातच उघडला. तिकडचा जानेवारीतला वारा काय असतो ते मला अकरा महिन्यांत कळायला हवं होतं. चिमूटभर कुंकू भुर्रकन उडालं, थोडं पायरीच्या दगडावर, थोडं माझ्या स्वेटरवर. इझबेलने हात पुढे करून करंड्याचं झाकण लावलं आणि वर आपला तळवा दाबून धरला. त्याखाली माझी बोटं होती.

"तुझा हात थरथरतोय," ती म्हणाली.

"थंडी आहे."

"एका दिवसात दोनदा खोटं बोलू नकोस." मग तिने विचारलं, "सुधाकर कुठे आहे आत्ता?"

"प्लॅटफॉर्मवर."

"कधी येणार?"

"शुक्रवारी."

त्या दिवशी बुधवार होता. तिने समुद्राकडे पाहिलं. तिथून तो घरांच्या मागे होता, दिसत नव्हता, पण त्या गावातले लोक तो कुठे आहे हे न बघता बघतात.

"हा सण किती दिवस असतो?"

मला वाटलं ती विषय बदलतेय. "रथसप्तमीपर्यंत. तीन आठवडे. तेवढ्यात कधीही हळदीकुंकू केलं तरी चालतं."

"मग तो घरी आला की मला बोलाव. त्याचे पाय जमिनीला लागल्यावर. तोपर्यंत मी तुझ्या दारात येणार नाही. तूही माझ्याकडे येऊ नकोस."

"रागावलीस?"

"टोस्टवर रागावले आहे," ती म्हणाली. "ह्याच्यावर नाही."

ती वळली तेव्हा फाटकातून क्रिसी आत येत होती, अर्धा तास आधीच, डब्यात घरची बिस्किटं घेऊन. वाट अरुंद. दोघी एकमेकींजवळून गेल्या, दोघींनीही खांदा वळवला, आणि एकीनेही दुसरीकडे पाहिलं नाही. त्या बोलत नाहीत हे मला माहीत होतं. कोणत्याही गावात कुणीतरी कुणाशी बोलत नसतंच. क्रिसी पायरीपाशी आली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांकडे जरा वेळ पाहिलं, मग दोन्ही उचलून आत घेऊन गेली.

हळदीकुंकू कसं झालं म्हणाल, तर झालं. मोरीनने विचारलं की हळद धुतल्यावर निघते का, रविवारी तिला चर्चमध्ये जायचंय. शीलाने लाडू चावला, थांबली, दुसऱ्या दाढेने चावला, आणि मग पाच खाल्ले. बेकरीत ठेवायला द्यायचे का म्हणून भाव विचारायला लागली. मी गुलाबपाणी शिंपडलं तेव्हा मोरीन दचकून उभी राहिली. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझं अर्धं लक्ष भिंतीकडे होतं. पलीकडे कपबशीचा आवाज नाही, खुर्ची सरकल्याचा नाही. एवढं हसणं तिला ऐकू जात असणार. मी दोनदा उठून खिडकी लावलेली आहे ना ते पाहून आले.

शेवटी वाण दिलं. वाण म्हणजे उपयोगाची वस्तू असावी असं सासूबाईंचं म्हणणं. वाईला त्या वाट्या, गाळण्या, कंगवे द्यायच्या. मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून कपड्यांचे लाकडी चिमटे आणले होते, एकेकीला डझनभर, वर लाल रिबीन बांधून. ओळीतल्या सगळ्या घरांमागे कपडे वाळत घालायचं एक सामायिक गवताळ पटांगण होतं, तारा बांधलेल्या, आणि तिथे चिमट्यांशिवाय काही टिकायचं नाही. माझी तीन ब्लाउजं समुद्राने नेली होती. मला माझी निवड फार हुशारीची वाटली होती.

मोरीनने चिमटे घेतले. शीलाने घेतले. क्रिसीच्या हातात मी पुडकं ठेवलं आणि खोली एकदम बंद पडली. शीला मोरीनकडे बघायला लागली, मोरीन छताकडे. क्रिसी पुडकं मांडीवर ठेवून बसून राहिली. पाच मिनिटांत त्या दोघींना घरची कामं आठवली.

क्रिसी राहिली. साडेतीन वाजले होते आणि बाहेर काळोख पडत होता. मी विचारलं, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, "नाही. तुला कुणी सांगणार तरी कोण. इझबेल सांगणार नाही, आणि बाकीचे तिला घाबरतात."

मग तिने सांगितलं. अकरा महिने मी त्या दोघींच्या मधे राहत होते आणि मला माहीत नव्हतं की सँडी हा क्रिसीचा भाऊ. सख्खा. म्हणजे क्रिसी इझबेलची नणंद.

"बोट निघते त्या दिवशी घरातली बाई कपडे धूत नाही," क्रिसी म्हणाली. "धुतले तर माणूस वाहून जातो. आमच्याकडे मानतात. माझा नवरा शाळेत रखवालदार, मला ते पाळायची गरज नव्हती. पण मी कोळ्याची मुलगी, मला माहीत होतं. इझबेलला ताप होता, चार दिवस अंथरुणात. सँडी पहाटे गेला आणि मी आठ वाजता मदतीला आले. जानेवारीत ऊन पडलं होतं. असं ऊन इथे पडतं तरी किती वेळा? मी तिच्या चादरी धुतल्या. त्यात त्याचे दोन शर्ट होते, तेही धुतले. म्हटलं, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी. तारेवर घालून चिमटे लावले. ती उठली आणि खिडकीतून तिने पाहिलं. काही बोलली नाही. रात्रीच्याच झग्यात बाहेर आली आणि ओले शर्ट काढून घेऊन गेली."

माझ्याकडे चहा होता, तो मी ओतला.

"सात माणसं होती बोटीवर. बोट जुनी होती, वारा होता. हे सगळं तिला माहीत आहे. ती मूर्ख नाही, कूंडा."

"ती कधी म्हणाली का, तुझ्यामुळे झालं?"

"म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते." तिने चिमट्यांचं पुडकं पिशवीत टाकलं. "चांगले आहेत. वाऱ्यात लाकडाचेच टिकतात."

ती गेल्यावर मी बशा धुतल्या. इझबेल का आली नाही, ते मला समजलं असं मला वाटलं. तिलाही असलं काही मानायची सवय आहे, म्हणून तिने माझं ऐकलं, एवढंच. त्यात मला बरंच हलकं वाटलं. पुढच्या तीन दिवसांत कळलं की मला काहीही समजलेलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळपासून वारा वाढला. शुक्रवारी सकाळी मी हेलिकॉप्टरच्या ऑफिसात फोन केला. तिथला मुलगा सभ्य आवाजात म्हणाला की आज उड्डाणं नाहीत. दुपारी पुन्हा केला. तोच मुलगा, तेच वाक्य. संध्याकाळी तो मला आवाजावरून ओळखायला लागला होता. प्लॅटफॉर्मवर फोन लागत नव्हता. मी पोळ्यांची कणीक मळली, झाकून ठेवली, पुन्हा मळली. घरात चार खोल्या होत्या, मी चारही खोल्यांत जाऊन येत होते. दाराशी गेले की पायरीच्या दगडावर तो लाल डाग दिसायचा. मी तो बुधवारीच घासला होता. दगड खडबडीत, कुंकू त्याच्या भोकांत बसलेलं, पाणी घातलं की आणखी उठून दिसायचं.

शनिवारीही उड्डाणं नव्हती. पोस्टात कुणीतरी म्हणालं की एक हेलिकॉप्टर अर्ध्या वाटेवरून परत फिरलंय. मोरीनने मला तिकीट चिकटवायचा स्पंज दोनदा दिला. घरी येताना मी इझबेलच्या दारावरून आले. तिचे पडदे ओढलेले होते. आणि तेव्हा, माझ्या घराच्या कुलपात किल्ली घालताना, माझ्या मनात शब्दांत आलं. तिने करंड्याला हात लावला. तिने झाकण लावलं.

मी मनाला म्हटलं, मूर्खपणा. मन म्हणालं, बरोबर आहे, मूर्खपणाच. पण ती उंबऱ्याशी आली होती की नाही? कुंकू सांडलं की नाही? आणि ती स्वतःच कशाला आली, तिला कुणी बोलावलं होतं? खुर्च्या दिल्याशिवाय काही अडलं होतं का? दुपारी तीनपर्यंत मी तिच्यावर भयंकर चिडले होते. रोज सकाळी दहाला येणारी बाई, जिने मला पहिल्या थंडीत स्वतःची पांघरुणं आणून दिली, तिच्याविषयी मी सासूबाईंनी कधी म्हटलं नसतं असलं काहीतरी मनातल्या मनात म्हटलं. काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही.

त्यात भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू येत होता. जहाजांसाठी हवामानाच्या बातम्या लागतात, दिवसातून चारदा. एक माणूस सपाट आवाजात समुद्राच्या तुकड्यांची नावं घेतो आणि प्रत्येकाचा वारा सांगतो. अकरा महिन्यांत त्या घरातून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. या दोन दिवसांत तो दर वेळी लागत होता, मोठ्याने. मला वाटलं, हिला काय पडलंय? हिचं कोण आहे आता तिकडे? मी भिंतीवर मूठ आपटणार होते. हात उचललाही होता.

आणि मग सासूबाईंचा हात आठवला. पडद्याबाहेर येणारा, बशी धरलेला. त्या आत कुणाला भिऊन बसायच्या, ते मला भिंतीसमोर तशी उभी असताना कळलं.

मूठ मी खाली घेतली. पण तिच्याकडे गेले नाही. ती म्हणाली होती, येऊ नकोस. आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

रविवारी दुपारी बारा वाजता सुधाकर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, खांद्यावर बॅग. जेवणाच्या वेळी आला म्हणून खूश होता. तिकडे तीन दिवस सगळ्यांनी पत्ते खेळून काढले, तो आठ पौंड हरला होता. दारात बूट काढताना म्हणाला, "हा कसला डाग गं?" आणि उत्तराची वाट न बघता, "लाडू उरलेत का?"

दुपारच्या हवामानाच्या बातम्यांच्या वेळी मी भिंतीला कान लावला. रेडिओ बंद होता.

मला वाटलं होतं की आता सगळं सोपं आहे. सोमवारी मी इझबेलला बोलावणं करायला गेले. ती दारातच म्हणाली, या आठवड्यात जमणार नाही, गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात म्हणाली, घरात रंग काढायचाय. सकाळी दहाचा चहाही बंद होता. सुधाकरने विचारलं, तुमचं बिनसलंय का काही, तर मी म्हटलं, तिचा गुडघा दुखतोय. तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा आत न जाता सांगितलं, "मंगळवारी रथसप्तमी आहे. त्यानंतर मला तुला वर्षभर बोलावता येणार नाही."

"वर्षभर? पक्कं?" तिने विचारलं.

"पक्कं."

मंगळवारी ती आली. निळा कोट, ओठांना लिपस्टिक, जी मी तिच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. सुधाकरला मी बेकरीत पाठवला होता आणि तासभर येऊ नकोस म्हणून बजावलं होतं. तिला मी तिच्याच खुर्चीवर बसवलं. ती इकडेतिकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आधी एक विचारते. मला दोष दिलास?"

मी करंडा हातात घेऊन उभी होते. या खेपेला झाकण लावलेलं.

"हो."

"कधी?"

"शनिवारी. दुपारी."

तिने मान हलवली. "मी शनिवार सकाळ धरली होती. तू माझ्यापेक्षा बरी आहेस."

"तो आला नसता तर," मी म्हटलं, "मी तुझ्याशी पुन्हा बोलले नसते. कधीच. एकाच भिंतीला राहून."

"माहीत आहे. म्हणून तर आत आले नाही." ती कोटाचं बटण काढू लागली, ते निघेना. "तुला वाटलं मी सँडीसाठी थांबले, किंवा तुझ्या देवासाठी. मी चहासाठी थांबले, कूंडा. रोज सकाळच्या. माणूस गेला तर जातो. त्याबरोबर दुसरं माणूस आपण आपल्या हाताने घालवतो, ते मला एकदा पुरलं."

मी खाली वाकून तिच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. कपाळावर आठ्या खूप होत्या, टिकली नीट गोल होईना. ती डोळे मिटून बसली होती. मी केवढा वेळ घेतला कुणास ठाऊक. लाडू तिने एकच खाल्ला आणि म्हणाली, हा तुझा टोस्ट फार कडक आहे.

वाण म्हणून तिच्यासाठी मी चहाची स्टीलची गाळणी आणली होती. तिच्या नावाने आधीच घेतलेलं चिमट्यांचं चौथं पुडकं मात्र मी दुकानात परत केलं नव्हतं, फडताळावर तसंच होतं, लाल रिबिनीसकट. गाळणी तिने उलटसुलट करून पाहिली. मग वर पाहिलं.

"बाकीच्यांना काय दिलंस?"

"चिमटे. मला माहीत नव्हतं, इझबेल."

"क्रिसीलाही?"

"हो."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, वाऱ्यात लाकडाचेच टिकतात."

इझबेलने गाळणी कोटाच्या खिशात घातली आणि हात पुढे केला. मी फडताळावरचं पुडकं काढून दिलं. ती मागच्या दाराने गेली, पटांगणातून. कपाळावर हळदकुंकू तसंच, पुसलं नाही.

मी खिडकीशी उभी राहिले. वारा होता, तिकडे तो नसतो कधी? तारेवर क्रिसीची एकच पांढरी चादर होती. तिचं एक टोक सुटून फडफडत होतं, गवताला लागत होतं. इझबेल तिच्या पलीकडून निघून गेली. चार-पाच पावलं पुढे गेली. मग थांबली. परत आली. पुडक्याची रिबीन सोडून तिने खिशात घातली, चादरीचं टोक पकडलं, झटकलं, तारेवर ओढून घेतलं आणि त्याला एक चिमटा लावला. जरा मागे होऊन पाहिलं. मग आणखी एक लावला.

क्रिसीच्या खिडकीत पडदा हलला का, ते मला तिथून दिसत नव्हतं. इझबेलने तिच्या दाराकडे पाहिलं नाही. सरळ आपल्या घरात गेली.

ती चादर क्रिसीने चार दिवस काढली नाही. मधे दोनदा पाऊस येऊन गेला.